लिमये सरांचे मोजे

"भाऊजी, आज रविवार नाही, पण याल का?"

गुरुवारी सकाळी फोनवर लिमये वहिनी एवढंच म्हणाल्या. आवाज नेहमीचाच होता, एक डोळा गॅसवरच्या दुधावर ठेवून बोलावं तसा. मी 'निघतो' म्हणालो, कशासाठी ते विचारलं नाही. कोपरीतल्या माझ्या घरून डोंबिवलीत टिळकनगरला पोचायला तासभर लागतो. त्या तासात मी स्वतःला बरीच कारणं पुरवली... औषधाची बाटली सांडली असेल, सरांना एखादं पुस्तक आत्ताच्या आत्ता हवं असेल, नाहीतर पायाला पुन्हा काही झालं असेल. जिना चढून वर गेलो तर दाराबाहेर चपला होत्या. खूप होत्या. लिमये सर पहाटे उठले, पाणी प्यायले, खिडकीजवळच्या खुर्चीत बसले आणि बसल्या जागीच गेले. त्यांच्या हृदयाचा भरवसा नाही हे डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं, त्यामुळे जमलेले सगळे 'त्रास नाही झाला, सुटले' असं म्हणत होते. मीही म्हणालो.

याला आता सात आठवडे झाले. मी ते सात रविवार असे मोजतो. का, ते पुढे येईल. सरांवर मी याच पुरवणीत पूर्वी एकदा लिहिलं होतं. तो लेख पुष्कळांनी वाचला, कात्रणं काढली, फोनवरून एकमेकांना पाठवला. लेखाच्या मध्यावर एक वाक्य होतं, सरांच्या तोंडी घातलेलं: 'पायाला नव्हे, प्रश्नाला नमस्कार करा.' हे वाक्य सरांनी कधीही उच्चारलेलं नव्हतं. ते माझं होतं. एवढं कबूल करण्यासाठी हा लेख लिहायला घेतला आहे. सर असताना तो लिहिणं मला जमलं नाही.

मी डोंबिवलीच्या एका शाळेत ग्रंथपाल होतो आणि सर तिथे विज्ञान शिकवायचे. माझ्याहून बारा वर्षांनी मोठे. आमची मैत्री झाली ती बुरशीमुळे. नोकरीला लागून मला महिना झाला असेल, तेव्हा एक दिवस हातात काचेची हंडी आणि पावाचा तुकडा घेऊन सर ग्रंथालयात आले, चारी कोपऱ्यांत फिरले, आणि मागच्या भिंतीजवळ, जिथे ऊन कधी पोचत नसे, तिथे थांबून म्हणाले, "वा! तुझ्या लायब्ररीत बुरशी छान वाढेल." ग्रंथपालाला याहून मोठी शिवी नाही. मी म्हणालो, "सर, पुस्तकांच्या शेजारी बुरशी?" तर म्हणाले, "अरे दिवाकर, मुलं तुझ्या पुस्तकांपेक्षा तिच्याकडे जास्त वेळ बघतील. पैज." पैज ते जिंकले. आठवडाभर मधल्या सुट्टीत त्या हंडीभोवती मुलांची झुंबड उडायची. पावावर आधी पांढरा कापूस, मग राखाडी, मग काळे ठिपके... कुणी तरी विचारलं, "सर, खाल्ली तर काय होईल?" "आधी तू खा, मग वहीत निरीक्षण लिही." आणि सगळे हसून झाल्यावर ते दरवर्षी तेच सांगायचे, मला पाठ झालं होतं: "बुरशी पापी नसते. तिला ओल हवी, ऊब हवी, अंधार हवा, आणि कुणी हात लावायला नको. एवढं मिळालं की ती घर करते."

शाळेत सर रोज काळे बूट आणि मोजे घालून यायचे. सकाळी सातपासून संध्याकाळपर्यंत, मे असो की जुलै. एकच जोड, तो झिजला की दुसरा. भिजला तरी तोच, वाळायला वेळ कुठे. मास्तराच्या पायात चप्पल शोभत नाही असं त्यांच्या पिढीतल्या पुष्कळांना वाटायचं. मी हे आज लिहितो आहे कारण पुढे डॉक्टरांनी पहिला प्रश्न तोच विचारला.

आणखी एक सवय होती, आणि तीच मला सगळ्यात आधी सांगायला हवी होती. विद्यार्थ्यांनी वाकून नमस्कार केलेला सरांना फार आवडायचा. नमस्कार हे त्यातलं निमित्त. मूल वाकलं की सर त्याच्या पाठीत धपाटा घालायचे. असा की वर्गाबाहेर आवाज जावा. निकालाच्या दिवशी, गुरुपौर्णिमेला, आणि दिवाळीच्या पहिल्या दिवशी सकाळी फडके रोडवर. अख्खी डोंबिवली नवे कपडे घालून त्या रस्त्यावर उतरते. सर एका पुस्तकाच्या दुकानाच्या पायरीवर उभे राहायचे आणि बँकेत लागलेले, परदेशातून सुट्टीवर आलेले, टक्कल पडलेले त्यांचे विद्यार्थी भर गर्दीत वाकायचे. धप्प. "काय रे, साहेब झालास, पण पोक काढूनच चालतोस अजून." "गणितात नापास झालेलीस ना तू? आणि आता सी.ए.?" धप्प. वहिनी म्हणायच्या, "यांची दिवाळी म्हणजे लोकांच्या पाठी बडवायची." दुपारी घरी परतताना सरांचा उजवा तळहात लाल झालेला असायचा आणि ते तो आम्हाला अभिमानाने दाखवायचे.

अडीच वर्षांपूर्वी शाळेच्या सभागृहात माजी विद्यार्थ्यांचा मेळावा झाला. सूत्रसंचालन माझ्याकडे होतं. सर तेव्हा निवृत्त होऊन बरीच वर्षं झालेली. मुलीने पुण्याहून पाठवलेला नवा झब्बा आणि कोल्हापुरी चपला घालून ते आले होते. बूट न घातलेले सर मी पहिल्यांदाच बघत होतो. दीपप्रज्वलनासाठी सगळ्यांनी व्यासपीठाच्या कडेला चपला काढल्या. समई लावून झाली, आणि अश्विनी नावाची एक माजी विद्यार्थिनी, आता त्वचारोगतज्ज्ञ, सरांच्या पाया पडायला वाकली. सर एकदम मागे सरले. इतके पटकन की समईला धक्का लागता लागता राहिला. "नको, नको. पाया नको." अश्विनीचा हात हवेत तसाच. तेव्हा मी माइक उचलला आणि म्हणालो की आमच्या सरांना व्यक्तिपूजा मान्य नाही, ते नेहमी सांगतात, 'पायाला नव्हे, प्रश्नाला नमस्कार करा.' टाळ्या थांबेनात. मागच्या रांगेतून कुणी शिट्टीही वाजवली. मला स्वतःलाच ते वाक्य इतकं आवडलं की महिनाभराने मी त्यावर लेख लिहिला.

लेखात इथपर्यंत सगळं होतं. जे नव्हतं ते असं: अश्विनी वाकली तेव्हा मी सरांच्या शेजारी उभा होतो आणि माझी नजर खाली गेली होती. उजव्या पायाच्या अंगठ्याचं नख जाड झालेलं होतं, ओलीत राहिलेल्या पुस्तकाच्या पुठ्ठ्यासारखं फुगून वर उचललेलं. रंग पिवळट तपकिरी, एका कडेला काळसर. टोकाशी भुगा. बाजूच्या दोन नखांचीही तीच सुरुवात. मला किळस आली. ज्या माणसाने मला वीस वर्षं रोज मधल्या सुट्टीत डब्यातली भाजी दिली, त्याच्या पायाची मला किळस आली, आणि ती लपवायला मी ते वाक्य बोललो. त्यांना सावरलं असं मी स्वतःला सांगत राहिलो. थोडं सावरलंही असेल. पण मुळात मला तिथून नजर हटवायची होती, माझी आणि सभागृहाची. रिक्षातून परतताना सर म्हणाले, "छान बोललास."

वाक्य माझ्या हाताबाहेर गेलं. शाळेने ते जिन्याच्या भिंतीवर रंगवून घेतलं. वाचनखुणा छापल्या, एका बाजूला सरांचं चित्र, दुसऱ्या बाजूला ते वाक्य. ग्रंथालयातून त्या मीच वाटल्या. आणि त्या वर्षीच्या दिवाळीत फडके रोडवर सर सँडलमध्ये मोजे घालून उभे होते. मुलं आली, पण चार पावलांवर थांबली, हात जोडले, हसत म्हणाली, "सर, नमस्कार प्रश्नाला हं!" सरही हसले. त्यांचा उजवा हात कमरेपर्यंत वर आला आणि झब्ब्याच्या खिशात गेला. तासाभराने म्हणाले, चल, घरी जाऊ, गर्दी फार आहे. गर्दी दरवर्षीइतकीच होती. मला तेव्हाच कळलं होतं. मी त्यांना रिक्षा करून दिली.

मग मोजे घरातही आले. मी चिडवायचो. "सर, मे महिन्यात मोजे?" "एसीची हवा पायाला लागते." "एसी आहे कुठे तुमच्याकडे?" "शेजाऱ्यांकडे आहे ना." आम्ही हसायचो. म्हणजे, मोज्यांच्या आत काय आहे ते मला माहीत होतं, मला माहीत आहे हे, पुढे कळलं तसं, त्यांनाही माहीत होतं, आणि आम्ही दोघं शेजाऱ्यांच्या एसीवर हसायचो. न्हाणीघरातून कधी व्हिनेगरचा वास यायचा, कधी कापूर घातलेल्या खोबरेल तेलाचा. खिडकीत मलमाच्या पिळून पिळून चपट्या झालेल्या नळ्या दिसायच्या. मलम जाड नखातून आत पोचत नाही हे सरांना ठाऊक नसेल? त्यांना त्या बुरशीचं कूळ ठाऊक होतं. वहिनी मागे लागायच्या, डॉक्टरला दाखवा. त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं: "अगं, या गावात कुठल्याही दवाखान्यात गेलो तरी समोर माझाच विद्यार्थी बसलेला असतो. त्याच्या टेबलावर पाय ठेवू? तोसुद्धा हा असा?" वहिनी मला म्हणायच्या, "भाऊजी, तुमचं ऐकतील, तुम्ही सांगा." मी 'सांगतो' म्हणायचो. नखच तर आहे, मी मनात म्हणायचो. नखाने कोण मरतं?

मागच्या वर्षी एका सकाळी वहिनींनी धुवायला घेतलेल्या मोज्यावर रक्त आणि पू दिसला. सरांना पत्ता नव्हता. त्यांना मधुमेह बरीच वर्षं होता आणि पायांची जाणीव कमी झाली होती. जाड झालेलं नख सँडलमध्ये दाबलं जाऊन खाली जखम करत राहिलं आणि त्यांना दुखलंच नाही. मी गेलो तेव्हा अंगठा लाल होऊन सुजला होता. सरांनी एकच अट घातली, डोंबिवलीत नको. म्हणून वहिनींच्या भाचीने ठाण्यात बाळकुमच्या एका संकुलातला दवाखाना शोधला. पाटीवर कुणा डॉ. प्रभुदेसाईंचं नाव होतं. आत गेलो तर खुर्चीवरून उठत त्या म्हणाल्या, "सर!" अश्विनी. लग्नानंतरचं आडनाव आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं. सर माझ्याकडे वळून म्हणाले, "घे. ठाण्यातसुद्धा."

तिने स्वतः खाली बसून मोजा काढला. सर भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिले. बूट किती तास, मोजे रोज बदलता का, बोटांच्या मधे खाज यायची का, साखर किती... ती विचारत गेली. सुरुवातीला नखावर पिवळा किंवा पांढरा डाग दिसतो, मग नख जाड होतं, ठिसूळ होतं, खालच्या मांसापासून सुटतं, हे तिने मला आणि वहिनींना दाखवून सांगितलं. "पण प्रत्येक जाड नख बुरशीचंच असतं असं नाही. ठेच लागून होतं, दुसऱ्या त्वचारोगातही होतं. म्हणून आधी तुकडा तपासायला पाठवू." मग तिचा आवाज बदलला. "तो नंतरचा प्रश्न. जखमेत पू आहे, साखर वाढलेली. आजच अ‍ॅडमिट व्हायचं." सर म्हणाले, "अश्विनी, वर्गात इतकी कडक नव्हतीस." "वर्गात तुम्ही होतात, सर." बाहेर आल्यावर ती मला बाजूला घेऊन हळूच म्हणाली, "मेळाव्यात वाकले तेव्हाच मला दिसलं होतं. कार्यक्रम संपल्यावर गाठून सांगणार होते. पण तुम्ही ते बोललात... मग वाटलं, तत्त्वाचा माणूस, मी पायाचा विषय कसा काढू? चुकलं माझं." ती माझी माफी मागत होती. मी 'असू दे' म्हणालो. असू दे!

अंगठा वाचला. अठरा दिवस सर रुग्णालयात होते. नखाचा सुटलेला भाग काढावा लागला, आणि हिंडणं-फिरणं सुरू व्हायला तीन महिने लागले. पूर्वीसारखं ते झालंच नाही. तपासणीत बुरशीच निघाली. पोटात घ्यायच्या गोळ्या जास्त परिणामकारक असतात, पण त्याआधी यकृत तपासावं लागतं, आणि सरांच्या इतर गोळ्या आणि हृदय बघून अश्विनी म्हणाली, गोळ्या नकोत, वरून लावायचं औषध देते. नेलपॉलिशसारखी बाटली, झाकणाला कुंचला. आठवड्यातून एकदा जुना थर पुसायचा, नख कानशीने घासून पातळ करायचं आणि नवा थर द्यायचा. "किती दिवस?" सरांनी विचारलं. "अंगठ्याचं नख पुरतं बदलायला वर्ष, दीड वर्षही लागतं, सर. मधेच सोडलं तर पहिल्यापासून." सरांना खाली वाकता येत नव्हतं. वहिनींची बोटं संधिवाताने आखडलेली. मी म्हणालो, "रविवारी मी येत जाईन." सर म्हणाले, "तू? माझ्या पायाला हात लावणार? भिंतीवर काय लिहिलंय वाचलं नाहीस?"

असे माझे रविवार सुरू झाले. खिडकीजवळ त्यांची खुर्ची, समोर एक बुटकं लाकडी स्टूल, त्याच्याखाली वर्तमानपत्राची रविवारची पुरवणी पसरायची. पाय कोमट पाण्याने धुवायचे, बोटांच्या बेचक्यांसकट कोरडे करायचे. आजारी नखांची कानस वेगळी, चांगल्या नखांची वेगळी. घासताना पांढुरका भुगा पुरवणीवर पडायचा. मी लिहिलेलं काही त्या आठवड्यात आलं असेल तर सर ते पान मुद्दाम वर ठेवायचे. "आधी वाचतो, मग पायाखाली घेतो. तुझ्या लेखांचा इतका उपयोग दुसरं कोणी करत नसेल." पहिल्या दोन रविवारी माझे हात अवघडले होते. नंतर ते नख माझं काम झालं. फाटकं पुस्तक दुरुस्त करताना त्याचं फाटकेपण जसं दिसेनासं होतं, तसं. औषध वाळेपर्यंत सरांना उघड्या पायांनी बसून राहावं लागायचं, आणि ती दहा-पंधरा मिनिटं मला आठवड्यातली सगळ्यात चांगली वाटू लागली. अश्विनीने चांगल्या आणि आजारी नखाच्या सीमेवर कानशीने एक बारीक रेघ ओढून दिली होती. रेघ टोकाकडे सरकत राहिली म्हणजे मागून येतंय ते निरोगी. चौथ्या महिन्यात रेघेमागे गुलाबी, गुळगुळीत नख दिसायला लागलं. सर चष्मा पुसून बघायचे. "बघ. ओल काढली, उजेड दिला, हात लावला. संपलं तिचं. चाळीस वर्षं मुलांना हेच सांगितलं मी."

अशाच एका रविवारी, कुंचला हातात असताना, मान खाली घालून मी म्हणालो, "सर, मेळाव्यात मला दिसलं होतं."

"माहीत आहे. माइक उचलायच्या आधी तू खाली बघितलंस."

"मग तेव्हाच बोलला का नाहीत?"

"तू का नाही बोललास?"

मी करंगळीच्या नखाला औषध लावलं. त्याला काही झालेलं नव्हतं.

"वाक्य बरं होतं," सर म्हणाले. "मुलांना आवडतं. राहू दे ते भिंतीवर." त्यांनी उजवा तळहात उघडून बघितला. "फक्त धपाटे बंद झाले रे."

मी म्हणालो, येत्या मेळाव्यात मी सगळ्यांना सांगेन. ते वाक्य सरांचं नाही, माझं आहे, आणि सरांना नमस्कार हवा आहे. कारण सांगायची गरज नव्हती, नखांचं नाव काढायची गरज नव्हती. "सांग," ते म्हणाले, आणि लहान मुलासारखं विचारलं, "नक्की?"

मेळावा झाला. सर काठी घेऊन आले, पहिल्या रांगेत बसले. वहिनींनी नंतर सांगितलं की सकाळी त्यांनी मोजे घातले, काढले, पुन्हा घातले; म्हणाले, दिवाकर बोलला की तिथेच काढीन. व्यासपीठाच्या मागे मोठा फलक होता आणि फलकावर ते वाक्य, खाली सरांचं नाव. नवे मुख्याध्यापक माझी ओळख करून देताना म्हणाले, 'ज्यांच्या लेखणीमुळे हा विचार आपल्यापर्यंत पोचला...' माइक हातात आला. मी ग्रंथालयाच्या नव्या कपाटांबद्दल बोललो. वाचनाच्या सवयीबद्दल बोललो. सर माझ्याकडे बघत होते. मी आभार मानले आणि खाली बसलो. त्यानंतरच्या रविवारी पाय स्टुलावर ठेवता ठेवता त्यांनी विचारलं, "माइक बंद पडला होता का?" मी म्हणालो, पुढच्या वर्षी नक्की. "हो, हो. रेघ पण तेव्हा टोकाला पोचेल." ते चिडले असते तर बरं झालं असतं.

त्यानंतर तीन महिन्यांनी तो गुरुवार आला. सरांना बाहेरच्या खोलीत ठेवलं होतं. पांढऱ्या चादरीतून पाय बाहेर, अंगठे बांधलेले, मोजे नाहीत. जिना माजी विद्यार्थ्यांनी भरला होता. एकेक जण आत यायचा, चार पावलांवर थांबायचा, हात जोडायचा आणि बाजूला व्हायचा. पाया कुणी पडेना. एका जोडप्याने मुलीला पुढे केलं. ती वाकणार तेवढ्यात बापानेच तिचा दंड धरला. "नाही हं बेटा, सरांना आवडायचं नाही." वहिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी मला जवळ बोलावलं आणि हलक्या आवाजात विचारलं, "भाऊजी, कुणी यांच्या पाया का पडत नाहीये?"

तेव्हा तरी मी बोलायला हवं होतं. उभं राहून चार शब्द... सभागृह नव्हतं, माइक नव्हता. मी म्हणालो, "गर्दी आहे ना, वहिनी."

सगळ्यात शेवटी अश्विनी आली. ती थांबली नाही. सरळ गुडघ्यांवर बसली आणि दोन्ही पायांवर डोकं ठेवलं. उठताना तिचा हात उजव्या अंगठ्याशी क्षणभर थांबला. "निम्म्याच्या पुढे आलं होतं," ती मला म्हणाली. रेघ मीही बघितली. मागचं नख गुलाबी होतं, अगदी स्वच्छ. मी मात्र वाकलो नाही. लोक बघत होते, आणि त्या वाक्याचा मी प्रचारक होतो.

नखाचा आणि हृदयाचा थेट संबंध लावू नका, असं अश्विनी मला सांगते. तिचं बरोबर असेल. मी कारण शोधत नाही. मोज्यांच्या आत काय वाढतंय ते मला दोन वर्षं माहीत होतं, आणि एका वाक्याने मी त्यांना मिळणारं सगळ्यात आवडतं काही तरी काढून घेतलं होतं, या दोन गोष्टींना कारणाची गरज लागत नाही. शोकसभेत पुन्हा तोच फलक होता. मला दोन शब्द बोलायला सांगितलं तेव्हा मी घसा बसल्याची खूण केली. घरी येऊन हा लेख सुरू केला.

तेव्हा ज्यांच्याकडे ती वाचनखूण आहे त्यांनी ती हवी तर ठेवावी, सरांचं चित्र चांगलं आलं आहे. पण मागचं वाक्य माझं आहे. त्याच्या खालून सरांचं नाव खोडावं, आणि भिंतीवरचंही. तुम्ही वाकावं अशी त्यांची फार इच्छा होती. आणि घरात कुणी वयस्कर माणूस भर उन्हाळ्यात मोजे काढत नसेल, तर हसू नका. खाली बसा आणि मोजा काढून बघा.

मी अजून रविवारी टिळकनगरला जातो. वहिनी चहा करतात. खुर्ची खिडकीजवळ आहे, स्टूल तिच्यासमोर. बाटलीत थोडं औषध उरलं आहे, झाकण आता घट्ट बसलं आहे. वहिनींनी सरांचे सगळे मोजे धुऊन, जोड्या लावून ठेवले आहेत. कुणाला द्यावेत असं त्या विचारतात आणि उत्तराची वाट बघत नाहीत. हा लेख छापून आला की त्या रविवारी मी तो त्यांना वाचून दाखवीन. मग हे पान वर येईल अशी पुरवणी त्या स्टुलाखाली पसरीन, पूर्वीसारखीच. स्टूल बुटकं आहे. पुरवणी पार पलीकडच्या भिंतीपर्यंत नीट जायला हवी असेल, तर दोन्ही गुडघे टेकून, हात लांब करून, कपाळ जवळजवळ जमिनीला लागेल इतकं खाली वाकावं लागतं.